रात्रीचे तापमान आणि सकाळचे बिल

अमेरिकेत मुलाकडे हिवाळा काढायला गेलेल्या मराठी आई-वडिलांची पहिल्या आठवड्यातच एका छोट्या यंत्राशी ओळख होते. दिवाणखान्याच्या भिंतीवर बसवलेल्या या यंत्रावर घरातील तापमानाचा आकडा दिसत असतो. त्याचे नाव थर्मोस्टॅट. बाहेर बर्फ पडत असताना घरात सुती सदऱ्यावर वावरता येते ते त्याच्यामुळे. मात्र रात्री दिवे मालवताना याच यंत्रावरून लहानसा वाद होतो. रिकाम्या खोलीतला पंखा बंद करण्याची आयुष्यभराची सवय असलेले वडील झोपण्यापूर्वी तापमान चार-पाच अंशांनी खाली आणतात. मुलगा ते पुन्हा वर नेतो. ‘बाबा, घर एकदा थंड झाले की पुन्हा तापवायला जास्त गॅस लागतो. त्यापेक्षा रात्रभर एकसारखे राहू द्या,’ असे त्याचे म्हणणे असते.

हा वाद केवळ परदेशस्थ मराठी कुटुंबांपुरता नाही. न्यूयॉर्कपासून लंडन, बर्लिनपर्यंत थंड प्रदेशांतील असंख्य घरांत तो वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो क्षुल्लकही नाही. युरोपीय संघातील घरांमध्ये जेवढी ऊर्जा वापरली जाते, तिच्यापैकी साठ टक्क्यांहून अधिक ऊर्जा केवळ घर उबदार ठेवण्यावर खर्च होते. दिवे, चूल, फ्रीज, टीव्ही, संगणक या सगळ्यांचा वाटा त्यापुढे थोडा. त्यामुळे झोपेच्या आठ तासांत घराचे तापमान किती ठेवायचे, या प्रश्नाचे उत्तर थेट महिन्याच्या बिलात उमटते. ते चुकले तर काही घरांत त्याची किंमत प्रकृतीच्या रूपानेही मोजावी लागते.

(या लेखातील तापमानाचे आकडे सेल्सिअसमध्ये आहेत.)

गळका रांजण

आधी मुलाच्या युक्तिवादाकडे पाहू. तो वरवर पटण्याजोगा आहे. सकाळी थंड झालेले घर तापवताना भट्टी बराच वेळ सलग चालते. तिचा आवाज ऐकू येतो, मीटर पळताना दिसतो. साहजिकच, रात्री वाचवले ते सकाळी गेले, असे वाटते. रात्रीच्या ज्या तासांत भट्टी गप्प होती, ते तास मात्र आपण झोपेत काढलेले असतात. त्यांचा हिशेब कोणी मांडत नाही.

हे समजण्यासाठी तळाशी बारीक छिद्र असलेला एक रांजण डोळ्यांपुढे आणावा. पाण्याची पातळी जितकी उंच, तितकी छिद्रातून जाणारी धार जोरदार. हा रांजण रात्रभर काठोकाठ भरलेला ठेवायचा असेल, तर गळून जाणारे पाणी सतत ओतत राहावे लागेल आणि पातळी उंच असल्यामुळे गळतीही सतत मोठीच राहील. याउलट रात्री पाणी ओतणे थांबवले, तर पातळी हळूहळू उतरेल, धार मंदावेल आणि सकाळी रांजण पुन्हा भरावा लागेल. सकाळी एकदम बरेच पाणी ओतावे लागेल हे खरे. तथापि रात्रभरात एकूण वाया गेलेले पाणी दुसऱ्या पद्धतीतच कमी असेल.

घराचेही असेच आहे. येथे पाण्याच्या जागी उष्णता आणि छिद्राच्या जागी भिंती, छप्पर, खिडक्यांच्या काचा व दारांच्या फटी. एखादी उष्ण वस्तू किती वेगाने निवते, हे ती वस्तू आणि भोवतालची हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते, हे सर आयझॅक न्यूटन यांनी १७०१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडले होते. घरात २० अंश आणि बाहेर शून्य असेल, तर घर जितक्या वेगाने उष्णता गमावते, त्यापेक्षा घरात १६ अंश असताना ती कमी वेगाने गमावते. रात्री भट्टी थांबते तेव्हा घर आपल्या भिंतींत आणि सामानात साठलेली ऊब वापरते. सकाळी भट्टी तेवढीच ऊब परत भरून देते. या देवाणघेवाणीत तोटा नसतो. मधल्या काळात बाहेर निसटलेली उष्णता कमी झाली, तेवढी निव्वळ बचत.

थोडक्यात, गॅस वा तेलाच्या भट्टीवर चालणाऱ्या सामान्य घरापुरते बोलायचे तर वडिलांचे बरोबर आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानेही, घर पुन्हा तापवण्यात बचत वाया जाते ही समजूत चुकीची असल्याचे स्पष्टपणे सांगितले आहे.

चार अंशांचा हिशेब

बचत किती होते? साधा हिशेब करून पाहता येतो. समजा, बाहेर ५ अंश तापमान आहे आणि घरात चोवीस तास २० अंश ठेवले आहेत. आतल्या-बाहेरच्या तापमानात १५ अंशांचा फरक. तो चोवीस तासांनी गुणला की ३६० हा आकडा येतो. आता रात्रीचे आठ तास घर १६ अंशांवर ठेवले, तर त्या वेळचा फरक ११ अंशांचा राहील. आठ तासांचे ८८ आणि उरलेल्या सोळा तासांचे २४०, मिळून ३२८. म्हणजे सुमारे नऊ टक्के बचत.

बाहेर शून्य अंश असतील, तर हीच बचत सुमारे पावणेसात टक्के येते आणि बाहेर १० अंश असतील, तर तेरा टक्क्यांच्या पुढे जाते. वाचलेली उष्णता तिन्ही वेळा तेवढीच असते. कडाक्याच्या थंडीत एकूण खर्चच मोठा असल्याने तिची टक्केवारी लहान दिसते, इतकेच.

अर्थात हा हिशेब कागदावरचा. प्रत्यक्षात यंत्राचा आकडा खाली आणताच घर काही लगेच १६ अंशांवर येत नाही. ते हळूहळू निवत जाते. त्यामुळे खरी बचत घराघरानुसार बदलते. अमेरिकी ऊर्जा खात्याचा ठोकताळा असा, की दिवसातील आठ तास तापमान नेहमीपेक्षा ४ ते साडेपाच अंशांनी कमी ठेवले, तर घर तापवण्याच्या व थंड करण्याच्या वर्षाच्या खर्चात दहा टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते.

येथे आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. सकाळी उठल्यावर घर लवकर तापावे म्हणून अनेक जण थर्मोस्टॅट एकदम २७-२८ अंशांवर नेतात. थर्मोस्टॅट हा मोटारीचा अॅक्सिलरेटर नव्हे. कोठे थांबायचे, एवढेच तो भट्टीला सांगतो. किती जोराने चालायचे, हे सामान्य भट्टीच्या बाबतीत त्याच्या हाती नसते. २० अंश गाठायला लागणारा वेळ तोच राहतो. मात्र आकडा पुन्हा खाली आणायचे विसरले, की घर नको इतके तापते आणि मग खिडकी उघडावी लागते. यंत्राला घड्याळ जोडलेले असेल, तर उठण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास भट्टी सुरू होईल असे लावून ठेवणे हा सोपा मार्ग.

कार्डिगन घातलेले राष्ट्राध्यक्ष

रात्री घर थंड ठेवण्याची कल्पना नवी नाही. कोळशाच्या काळात पहाटे कुडकुडत तळघरात जाऊन भट्टीचे झाकण उघडावे लागे. त्या कष्टातून सुटका करण्यासाठी अमेरिकेतील मिनियापोलिस येथील आल्बर्ट बुट्झ या संशोधकाने १८८५ च्या सुमारास हवेचे झाकण आपोआप उघडणारी-मिटणारी योजना तयार केली. पुढे १९०६ मध्ये घड्याळ जोडलेले थर्मोस्टॅट बाजारात आले आणि रात्री तापमान उतरवून पहाटे ते चढवण्याचे काम यंत्राकडे गेले. त्या वेळचा हेतू बचतीपेक्षा सोयीचा होता.

बचतीचा विचार आला तो टंचाईबरोबर. १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलपुरवठा रोखल्यावर राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी अमेरिकी जनतेला घरातील तापमान फॅरनहाइटमधील सहा अंशांनी, म्हणजे सुमारे साडेतीन अंश सेल्सिअसने कमी करण्याचे आवाहन केले. २ फेब्रुवारी १९७७ रोजी, नैसर्गिक वायूची तीव्र टंचाई असताना, नवे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर लोकरी कार्डिगन घालून दूरचित्रवाणीवर आले. घरात दिवसा ६५ आणि रात्री ५५ अंश फॅरनहाइट, म्हणजे अनुक्रमे सुमारे १८ आणि १३ अंश सेल्सिअस तापमान ठेवले, तर वायूची निम्मी तूट भरून निघेल, असे त्यांनी सांगितले. त्या कार्डिगनची त्या वेळी बरीच चर्चा झाली आणि टिंगलही.

पाच वर्षांपूर्वीपर्यंत युरोपीय नागरिकाला हे सारे इतिहासजमा वाटले असते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि चित्र पालटले. २०२१ मध्ये युरोपीय संघाच्या वायू-आयातीत रशियाचा वाटा चाळीस टक्क्यांहून अधिक होता. तो पुरवठा आटू लागताच संघातील देशांनी ऑगस्ट २०२२ ते मार्च २०२३ या काळात वायूचा वापर १५ टक्क्यांनी कमी करण्याचे ठरवले. जर्मनीने सप्टेंबर २०२२ पासून सरकारी कार्यालयांवर १९ अंशांची मर्यादा घातली. एवढेच नव्हे, तर भाडेकरूने घर ठरावीक तापमानापेक्षा थंड होऊ देऊ नये, अशा भाडेकरारांतील अटीही तात्पुरत्या स्थगित केल्या. ज्याला आपले घर थंड ठेवून बचत करायची आहे, त्याच्या आड करार येऊ नये, हा त्यामागचा हेतू.

यंत्र हुशार, माणूस विसराळू

मग घड्याळी थर्मोस्टॅट घरोघर बसवले की प्रश्न सुटला, असे वाटेल. अमेरिकेतील अनुभव निराळा आहे. तेथील पर्यावरण संरक्षण संस्था विजेची बचत करणाऱ्या उपकरणांना ‘एनर्जी स्टार’ हे मानचिन्ह देते. घड्याळी थर्मोस्टॅटनाही ते मिळत असे. तथापि ही यंत्रे बसवलेल्या घरांत अपेक्षित बचत दिसेना. बटणांची गुंतागुंत पाहून लोक वेळापत्रक लावतच नव्हते, किंवा ते रद्द करून एकच आकडा कायम ठेवत होते. अखेर २००९ च्या शेवटी त्या यंत्रांचे मानचिन्ह थांबवण्यात आले. पुढे घरच्यांच्या सवयी शिकून स्वतःच वेळापत्रक आखणारी ‘नेस्ट’सारखी यंत्रे २०११ पासून आली. तरीही, यंत्र कोणतेही असो, ते वापरण्याची सवय घरातल्या माणसालाच लावून घ्यावी लागते, हा धडा कायम राहिला.

अपवाद कोणते?

वडिलांचा नियम सर्वत्र लागू पडत नाही. पहिला अपवाद हीट पंपाचा. हे यंत्र बाहेरच्या थंड हवेतील उष्णता ओढून घरात आणते. आपल्याकडचा एसी उलटा चालवल्यासारखे. विजेच्या एका युनिटात ते अनुकूल हवामानात तीन युनिटांच्या आसपास उष्णता देऊ शकते. मात्र मंद, सलग चालण्यात त्याचे हित असते. पहाटे एकदम चार-पाच अंश चढवायला सांगितले, की अनेक घरांत त्याच्या मदतीला विजेचा साधा पूरक हीटर सुरू होतो. तो एका युनिटात एकाच युनिटाची उष्णता देतो. रात्रीची बचत मग खरोखरच सकाळी संपते. अशा घरात तापमान स्थिर ठेवणे किंवा एक-दोन अंशच कमी करणे योग्य. मुलाच्या घरी हीट पंप असेल, तर त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे.

दुसरा अपवाद फरशीखालून गरम पाणी फिरवणाऱ्या घरांचा. तेथील जाड फरशी तापायला आणि निवायला कित्येक तास घेते. रात्री आकडा उतरवल्याचा परिणाम पहाटेपर्यंत जाणवतच नाही आणि सकाळी हवी तेव्हा ऊब मिळत नाही.

तिसरा प्रकार उत्तम उष्णतारोधक भिंती आणि दुहेरी-तिहेरी काचांच्या घरांचा. अशी घरे रात्रभरात जेमतेम एक-दोन अंशांनी निवतात. गळतीच कमी असल्याने वाचवण्यासारखेही फारसे नसते. रांजणाचे छिद्र बुजवले, तर पातळीची चिंता उरत नाही, असा याचा अर्थ. म्हणूनच घराच्या फटी बुजवणे हा आकडा उतरवण्यापेक्षा अधिक टिकाऊ उपाय मानला जातो. मात्र त्यासाठी आधी पैसे घालावे लागतात. आकडा उतरवायला काही लागत नाही.

किती खाली जावे?

येथवर प्रश्न पैशांचा होता. पण तापमान उतरवण्याला एक तळ आहे. थंड हवेत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढतो. दमेकऱ्यांचा त्रास बळावतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत थंड ऋतूत घरातील तापमान किमान १८ अंश असावे, असे म्हटले आहे. वृद्ध, लहान मुले आणि दीर्घकाळ आजारी असणाऱ्यांना त्याहून अधिक उबेची गरज भासू शकते. तान्ह्या बाळाच्या खोलीसाठी ब्रिटनमध्ये १६ ते २० अंशांची शिफारस केली जाते. कारण बाळाला गारठा जसा वाईट, तसा अति उकाडाही.

कायद्यानेही हा तळ ओळखला आहे. न्यूयॉर्क शहरात १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात घरमालकाने भाडेकरूला ऊब पुरवणे बंधनकारक आहे. सकाळी सहा ते रात्री दहापर्यंत, बाहेरचे तापमान सुमारे १३ अंशांच्या खाली गेल्यास, घरात किमान २० अंश हवेत. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत बाहेर काहीही असले तरी सुमारे १७ अंश हवेत. रात्री तीन अंशांची सवलत आहे, पण त्याखाली जाण्याची मुभा नाही.

आणखी दोन धोके घराला असतात. भिंती फार थंड झाल्या, की श्वासातील, स्वयंपाकातील आणि वाळत घातलेल्या कपड्यांतील बाष्प त्यांवर साचते व बुरशी धरते. दुसरा धोका नळांचा. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्क्यांनी प्रसरण पावते आणि नळ फोडते. म्हणून घर बंद करून गावाला जातानाही अमेरिकेत भट्टी पूर्ण बंद न करता सुमारे १३ अंशांवर ठेवण्याचा सल्ला दिला जातो. ऊब अचानक बंद पडली तर काय होते, हे फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासने अनुभवले. हिमवादळात वीजपुरवठा कोलमडला, असंख्य घरांतील नळ फुटले आणि राज्याच्या नोंदीनुसार २४६ जणांचा मृत्यू झाला. त्यांतील बहुसंख्य थंडीचे बळी होते.

काटकसर की उपासमार?

या विषयाची खरी मेख येथे आहे. ब्रिटनमध्ये सरासरी वापर असलेल्या कुटुंबाच्या वायू व विजेच्या वार्षिक बिलाची नियामकाने ठरवलेली मर्यादा ऑक्टोबर २०२१ मध्ये १,२७७ पौंड होती. वर्षभराने, सरकारने हस्तक्षेप करूनही, हा आकडा २,५०० पौंडांवर गेला. त्या हिवाळ्यात वाचनालये, चर्च आणि नगरपालिकांनी आपली दालने दिवसा उघडी ठेवली, ती घर तापवणे न परवडणाऱ्यांना बसायला उबदार जागा मिळावी म्हणून. २० अंशांवरून १७ वर येणारे घर आणि मुळातच १४ अंशांत कुडकुडणारे घर यांना बचतीचा एकच सल्ला देता येत नाही. पहिल्या घरासाठी ती काटकसर आहे, दुसऱ्यासाठी उबेची उपासमार. आकडा खाली आणण्याचे आवाहन करणाऱ्या सरकारांनी हा भेद विसरून चालणार नाही.

आपल्या घरात

महाराष्ट्रात घर तापवण्याची वेळ क्वचितच येते. महाबळेश्वरच्या किंवा निफाडच्या थंडीला शेकोटी आणि गोधडी पुरते. तथापि न्यूटनचा नियम येथेही तोच आहे. मुंबई-पुण्यात एसी १८ अंशांवर ठेवून अंगावर जाड पांघरूण ओढणारी कुटुंबे कमी नाहीत. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या म्हणण्यानुसार, एसीचे तापमान एका अंशाने वाढवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते. म्हणूनच १ जानेवारी २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या तारांकित एसींवर सुरुवातीचे तापमान २४ अंश असणे बंधनकारक झाले. पहाटे शरीराला गारवा कमी लागतो. तेव्हा रात्री २४-२५ वर झोपून पहाटे यंत्राला एक-दोन अंश वर चढू द्यावे आणि सोबत पंखा मंद चालू ठेवावा, हे सोयीचेही आहे आणि स्वस्तही.

गिझरचेही तसेच. ‘सारखा चालू-बंद करण्यापेक्षा दिवसभर चालू ठेवलेला बरा’ हे वाक्य आपल्याकडे कानावर पडते. ते अमेरिकेतल्या मुलाच्या युक्तिवादाचे मराठी भावंड. तापलेले पाणी टाकीत दिवसभर उष्णता गमावत राहते आणि यंत्र ती भरून काढत राहते. आंघोळीपूर्वी थोडा वेळ गिझर लावणे हेच किफायतशीर.

आता त्या भिंतीवरच्या यंत्राकडे परत येऊ. घरात गॅसची भट्टी असेल, तर वडिलांनी निःशंकपणे आकडा खाली आणावा. मात्र १८ च्या खाली जाण्यापूर्वी, शेजारच्या खोलीत रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन झोपणाऱ्या आईला थंडी वाजते का, हे आधी विचारावे. आणि मुलाने, आपल्या तळघरात भट्टी आहे की हीट पंप, हे एकदा खाली उतरून पाहून यावे.